फिजी सॉफ्टवेअर: प्राण्याला हात न लावता ठोके मोजायला कसं आहे? पाण्यातल्या बारीक मोइनापासून पंढरपुरी म्हशीपर्यंत वापरून बघितलंय

आधी निकाल सांगते, म्हणजे ज्यांना घाई आहे त्यांचं काम होईल. फिजी हे फुकट सॉफ्टवेअर आहे, आणि पाण्यातल्या पारदर्शक बारीक जीवांच्या हृदयाचे ठोके मोबाईलच्या व्हिडिओवरून मोजायचे असतील तर डोळे झाकून घ्या, कॉलेजच्या लॅबला परवडेल असं याच्या तोडीचं काही मला मिळालेलं नाही. पण गाय, म्हैस, कुत्रा असल्या केसाळ जनावराचे ठोके यातून मिळतील म्हणून घेणार असाल तर थांबा आणि खालचं वाचा, कारण तिथं जो आकडा मिळतो तो बहुतेक वेळा हृदयाचा नसतोच.

मी सोलापुरात प्राणिशास्त्र शिकवते. आमच्या विषयात पूर्वी बेडकाच्या हृदयाचं प्रॅक्टिकल असायचं, काजळी धरलेल्या फिरत्या ड्रमवर सुई ठोक्यांची रेघ ओढायची, ते यंत्र म्हणजे कायमोग्राफ, 1847 मध्ये कार्ल लुडविग यांनी काढलेलं. 2014 च्या यूजीसीच्या सूचनांनंतर डिसेक्शन आणि असले जिवंत प्राण्यांवरचे प्रयोग बंद झाले, ते व्हायलाच पाहिजे होते असं माझं ठाम मत आहे, पण त्यामुळं झालं असं की मुलं हृदयाबद्दल फक्त आकृतीतून शिकायला लागली. धडधडणारं हृदय बघितलंच नाही अशी पोरं एमएस्सीला येतात. म्हणून मी हा व्हिडिओचा मार्ग धरला. आणि दुसरं कारण त्याहून मोठं आहे, ते म्हणजे प्राण्याला धरला की त्याचे ठोके बदलतातच. घाबरलेल्या जनावराची नाडी मोजून आपण जे लिहितो ती भीतीची नाडी असते. तो आपल्या आपण फिरतोय, खातोय, बसलाय, तेव्हाचा आकडा पाहिजे असेल तर लांबून बघण्यावाचून इलाज नाही.

आता फिजी म्हणजे काय ते थोडक्यात. मूळ प्रोग्राम इमेजजे, अमेरिकेच्या राष्ट्रीय आरोग्य संस्थेत वेन रासबँड यांनी 1997 मध्ये बाहेर काढलेला, जगभरच्या मायक्रोस्कोपवाल्यांचा रोजचा. फिजी म्हणजे तोच इमेजजे पण लागणारे बरेचसे प्लगइन, म्हणजे वेगवेगळ्या कामांचे जोड-प्रोग्राम, आधीच भरून दिलेले. व्हिडिओ त्याच्या दृष्टीनं एकावर एक रचलेल्या फोटोंचा गठ्ठा, त्याला तो स्टॅक म्हणतो. आपण हृदयावर एक गोल काढायचा आणि सांगायचं की या गोलातला सरासरी उजेड प्रत्येक फोटोत किती आहे ते दाखव. हृदय आकुंचन पावलं की गोलातला उजेड बदलतो, फुगलं की परत बदलतो, आणि पडद्यावर डोंगर-दऱ्यांची रेघ उमटते. डोंगर मोजा, सेकंदांनी भागा, साठने गुणा, झालं. या कमांडचं नाव प्लॉट झेड ॲक्सिस प्रोफाइल, इमेज मेनूत स्टॅक्सच्या खाली मिळेल.

प्राणी कुठला घ्यायचा? पुस्तकात सगळीकडे डॅफ्निया, म्हणजे गोड्या पाण्यातला एक बारीक पारदर्शक जीव, लिहिलेला असतो पण आपल्याकडच्या उन्हाळ्यात तो टिकवायचा म्हणजे डोक्याला ताप. त्याचाच भाऊबंद मोइना, मासे पाळणारे लोक पिल्लांना खायला घालतात तो, उष्णता बरीच सोसतो आणि मत्स्यालयाच्या दुकानात मागितला तर कल्चर मिळतं. एका टबात हिरवं पाणी किंवा चिमूटभर यीस्ट, सावलीत ठेवायचं, चालतं. जेमतेम एक मिलिमीटरचा जीव, अंगातून आरपार दिसतं, पाठीच्या बाजूला डोक्याच्या मागं, पिल्लांच्या पिशवीच्या जरा वर, हृदय. पहिल्यांदा बघणारं पोरगं मायक्रोस्कोपवरून डोकंच उचलत नाही.

हे ठोके डोळ्यानं मोजायची जुनी युक्ती म्हणजे ठोक्यागणिक कागदावर पेन्सिलीचा ठिपका मारत जायचा आणि वेळ संपली की ठिपके मोजायचे. पण मिनिटाला दोनशेच्या पुढं गेलं की हात मागं पडतो, आणि या जीवांचे ठोके तिथंच असतात, गरमीत अजून वर. दोन पोरांनी एकाच मोइनाचे ठिपके मारले तर दोघांचे आकडे जुळत नाहीत. फिजीत मात्र तोच व्हिडिओ कुणीही उघडला तरी तेच डोंगर दिसतात, वाद झालाच तर सगळ्यांनी मिळून परत बघता येतो. शिकवणाऱ्याच्या दृष्टीनं मला हे सगळ्यात मोलाचं वाटतं.

मोकळ्या प्राण्याचं सांगते कारण खरी गंमत आणि खरी कटकट तिथंच आहे. पुस्तकी पद्धतीत जीवाला कापसाच्या धाग्यात नाहीतर ग्रीसमध्ये अडकवून वर काच ठेवतात, मग व्हिडिओ सोपा होतो पण आपला मूळ हेतूच गेला ना. मी खोलगट स्लाईड वापरते, खड्ड्यात पाण्याचा थेंब, वरून काच नाही, सगळ्यात कमी पॉवरची लेन्स. एवढ्या जागेत मोइना वळतो, उड्या मारतो, खाली बसतो. याला पूर्ण मोकळा म्हणता येणार नाही, डिसेक्टिंग मायक्रोस्कोपखाली पेट्री डिशमध्ये सोडला तर जास्त बरं, पण अडकवलेल्यापेक्षा कितीतरी बरा. 'लई हलूलालंय की मॅडम' ही तक्रार प्रत्येक बॅचला असते. त्यावर फिजीकडं उपाय आहे, प्लगइन्समध्ये रजिस्ट्रेशन म्हणून भाग आहे त्यात लिनिअर स्टॅक अलाइनमेंट विथ सिफ्ट चालवायचं, ते प्रत्येक फोटो सरकवून फिरवून मागच्यावर बसवायचा प्रयत्न करतं आणि प्राणी जागच्या जागी उभा राहिल्यासारखा दिसतो. फक्त आधी प्राण्याभोवतीचा तुकडा कापून घ्या, नाहीतर ते स्लाईडवरचे ओरखडे धरून बसतं आणि प्राणी तसाच पळत राहतो. उडीच्या क्षणाचे फोटो धुरकटच येतात, ते टाकून द्यायचे. दोन उड्यांच्या मधे तो सावकाश खाली येतो तेवढे सेकंद आपल्या कामाचे.

इथं एक पक्कं लक्षात ठेवा. पोटाच्या बाजूला त्याचे बारीक पाय सतत हलत असतात, पाणी ओढून अन्न गाळायला, आणि त्या पायांचा वेगही हृदयाच्याच आसपास असतो. गोल जरा मोठा काढला किंवा पोटाकडं सरकला की पायांचे ठोके हृदयाचे म्हणून वहीत जातात, आणि रेघ इतकी सुंदर येते की शंका पण येत नाही. गोल लहान ठेवा, पाठीकडं ठेवा, आणि मग मुद्दाम दुसरा गोल पायांवर काढून दोन्ही रेघा शेजारी शेजारी बघा.

पाच सेकंदांचाच शांत तुकडा मिळाला आणि वेग मिनिटाला 240 असेल तर हातात फक्त वीस ठोके येतात. त्यात एक इकडंतिकडं झाला की आकडा बाराने बदलतो. म्हणून एका तुकड्यावर निकाल लावू नका, त्याच प्राण्याचे बरेच तुकडे घ्या. आणि तापमान लिहाच. थंड रक्ताचा जीव आहे, पाणी तापलं की ठोके वाढतात, फार तापलं की कोसळतात. मायक्रोस्कोपला जुना हॅलोजन बल्ब असेल तर थेंबभर पाणी बघता बघता गरम होतं. आमच्याकडं एप्रिल-मे मध्ये खोलीच अशी तापलेली असते की सकाळच्या बॅचचे आणि दुपारच्या बॅचचे आकडे वेगळे येतात, आणि ते दोन्ही बरोबर असतात! त्यावरच एक अख्खं प्रॅक्टिकल होतं.

आता उजेडाचं, याबद्दल कुणी फारसं सांगत नाही म्हणून जरा लांबण लावते. आपल्या घरची वीज 50 हर्ट्झची, त्यामुळं चोकवाली ट्यूबलाईट आणि स्वस्तातले एलईडी सेकंदाला 100 वेळा कमी-जास्त होतात. डोळ्याला कळत नाही, कॅमेऱ्याला कळतं. कॅमेरा सेकंदाला 24 फोटोंवर ठेवला असेल तर 24 चोक 96, वर उरले 4, म्हणजे व्हिडिओत सेकंदाला चार वेळा एक खोटी लुकलुक तयार होते, मिनिटाला 240. मोइनाचं हृदय नेमकं त्याच भागात! मेलेला प्राणी ठेवला तरी 240 ठोके येतील. यावर दोन उपाय, एक म्हणजे कॅमेऱ्याच्या प्रो मोडमध्ये शटर 1/100 किंवा 1/50 वर बांधून टाकायचा, त्यानं लुकलुक जवळजवळ जाते, आणि दुसरा म्हणजे खिडकीशी बसून दिवसाच्या उजेडात काम करायचं. सोलापुरात उन्हाला तोटा नाही, वापरा. ऑटो एक्सपोजर आणि ऑटो फोकस दोन्ही लॉक करा, नाहीतर प्राणी हलला की कॅमेरा स्वतःच उजेड वरखाली करत बसतो. आणि प्रत्येक व्हिडिओत रिकाम्या पाण्यावर एक गोल काढून त्याची रेघ बघायची सवय लावा. तिथं पण तेच डोंगर दिसले तर ते दिव्याचे, हृदयाचे नव्हेत.

मोबाईलची अजून एक खोड म्हणजे 30 लिहिलेलं असतं पण दर सेकंदाला बरोबर 30 फोटो निघतीलच असं नाही, उजेड कमी पडला की गुपचूप कमी करतो. मग सेकंदांचा हिशोब चुकतो आणि ठोक्यांचा पण. सोपी चाचणी अशी की दुसऱ्या मोबाईलवर स्टॉपवॉच लावून त्याचा व्हिडिओ घ्या आणि फिजीत उघडून किती फोटोंमागं किती वेळ सरकला ते ताडून बघा. स्लो मोशनच्या मागं लागायची गरज नाही. मिनिटाला 300 ठोके म्हणजे सेकंदाला पाच, 30 फोटोंमध्ये प्रत्येक ठोक्याला सहा फोटो मिळतात, पुरतात.

फिजीची खरी गैरसोय म्हणजे मोबाईलची एमपीफोर फाईल ते थेट घेत नाही. अपडेट साईटमधून एफएफएमपेग (असल्या व्हिडिओ फाईली वाचणारा जोड-प्रोग्राम) जोडावं लागतं किंवा आधी फाईल बदलून एव्हीआय करावी लागते, आणि नवीन माणूस इथंच कंटाळून सोडून देतो. दुसरी गोष्ट मेमरीची. फुल एचडीचा प्रत्येक फोटो जवळजवळ 21 लाख बिंदूंचा, नुसता काळापांढरा घेतला तरी सेकंदाला 62 एमबी, अर्ध्या मिनिटाला दोन जीबीच्या जवळ, आणि रंगीत घेतला तर चौपट. लॅबमधल्या जुन्या पीसीनं मान टाकली तर सॉफ्टवेअरला बोल लावू नका, आधी व्हिडिओ कापा, लहान करा, मग उघडा.

आता म्हशीकडं. देगावला ओळखीच्यांचा मुक्त संचार गोठा आहे, पंढरपुरी म्हशी, त्या लांब शिंगांच्या. मालकांनी पहिल्यांदाच सांगितलं, 'मॅडम, तुम्ही लांबच थांबा, नवं माणूस दिसलं की ती पान्हा चोरती.' अहो, याहून चांगलं कारण व्हिडिओनं मोजायला कुठलं पाहिजे! जनावर अनोळखी माणसाला पान्हा चोरतं तर त्याचं हृदय जागेवर राहील का. स्टँडवर मोबाईल लावला, म्हैस बसून रवंथ करत होती, कुशीचा भाग फ्रेममध्ये घेतला.

माणसाच्या चेहऱ्यावरून नाडी घेता येते हे 2008 मध्येच साध्या डिजिटल कॅमेऱ्यानं आणि खोलीतल्या उजेडात दाखवून झालंय, रक्त हिरवा उजेड जास्त शोषतं म्हणून व्हिडिओतला हिरवा रंग त्याला सगळ्यात उपयोगी. 2012 मध्ये एमआयटीच्या लोकांनी हे बारीक बदल मोठे करून दाखवायची पद्धत काढली, माणसाचा चेहरा ठोक्यागणिक लाल होताना दिसतो त्यात. पण पंढरपुरी म्हशीची कातडी काळी, वर केस. उजेड आत रक्तापर्यंत जाऊन परत यायलाच वाव नाही. रंगाचा मार्ग बंद. राहिली हालचाल. ती मिळते, आणि रेघ फार छान येते, पण ती श्वासाची.

आणि फसगत इथं होते. बसलेल्या म्हशीचे ठोके मिनिटाला साधारण 40 ते 60 असतात. श्वास समजा 25. आता श्वासाची हालचाल काही शुद्ध गोल लाट नसते, आत घेणं वेगळं, सोडणं वेगळं, त्यामुळं रेघेत कुठल्या वेगाची हालचाल किती आहे असा हिशोब मांडला की 25 च्या जोडीला त्याच्या दुप्पट 50 वर पण एक सुळका उभा राहतो. बघणाऱ्याला वाटतं मिळालं हृदय! वर ती रवंथ करत असते, सेकंदाला साधारण एक चावा, म्हणजे 60 च्या आसपास अजून एक सुळका, आणि ती हालचाल मानेतून खांद्यापर्यंत येते. हृदयाच्या जागेवर दोन दोन तोतये बसलेले. मी 1024 फोटोंचा तुकडा एक्सेलमध्ये टाकून फुरिए, म्हणजे रेघेत मिसळलेले वेगवेगळे वेग सुटे करायचं गणित, केलं (त्याला फोटोंची संख्या 512, 1024, 2048 अशीच लागते), 30 च्या वेगानं ते 34 सेकंद होतात आणि मिनिटाला दोन ठोक्यांच्या आतबाहेर फरक कळतो. सुळका स्वच्छ होता. पण मालकांना शेपटीच्या मुळाशी खालच्या बाजूनं बोटं लावून नाडी बघायला सांगितली तेव्हा ती त्या सुळक्याशी जुळली नाही, आणि सुळका श्वासाच्या बरोबर दुप्पट निघाला. घरच्या माणसाच्या हाताला म्हैस हलली पण नाही. तेव्हा शेपटीच्या नाडीशी ताडल्याशिवाय म्हशीच्या व्हिडिओतला कुठलाही आकडा हृदयाचा म्हणून सांगू नये, हे माझं या सगळ्यातलं सगळ्यात पक्कं मत.

माशी बसली की ती मान मागं फिरवते आणि ते लांब शिंग सरळ कुशीवरून फ्रेममध्ये येतं, तो तुकडा पण कापावा लागतो. चालत्या म्हशीचं तर नावच नको.

म्हणजे म्हशीला उपयोग नाही का? आहे, आणि मोठा आहे. श्वास. म्हशीला घामाच्या ग्रंथी गाईपेक्षा कमी, वर काळी कातडी, आणि उष्णतेचा त्रास व्हायला लागला की श्वास वाढतो, तो दूध कमी व्हायच्या आधी दिसतो. आपल्याकडं बेचाळीस-त्रेचाळीस डिग्रीत कुठल्या जनावराला पाण्याचा फवारा आधी पाहिजे हे लांबून, न हुसकवता कळत असेल तर गोठेवाल्याला हृदयापेक्षा तेच जास्त कामाचं. फिजीनं हे काम चोख होतं.

परदेशात याच्या पुढं गेलेत. साउथ ऑस्ट्रेलिया युनिव्हर्सिटीच्या संशोधकांनी ॲडलेडच्या प्राणिसंग्रहालयात साध्या डिजिटल कॅमेऱ्यानं लांबून पांडा, सिंह, कोआला, कांगारू अशा प्राण्यांच्या छातीपोटाच्या बारीक हालचालीवरून श्वास आणि ठोके दोन्ही काढायचा प्रयत्न केला, 2019 मध्ये छापून आलाय. पण ते स्वतः लिहिलेल्या गणितावर, फिजीतल्या एका गोलावर नाही. फिरत्या प्राण्याचा एक एक अवयव फोटोगणिक ओळखून त्याच्या मागं जायचं असेल तर 2018 मध्ये आलेलं डीपलॅबकट आहे, तेही फुकट, पण त्याला चांगलं ग्राफिक कार्ड लागतं आणि थोडं पायथन यायला लागतं.

आणि मोबाईलवरची ती 'कुत्र्याची नाडी कॅमेऱ्यानं मोजा' छापाची ॲप घेऊ नका. एक वापरलं, नाव लिहीत नाही, झोपलेल्या कुत्र्यावर धरलं तरी आकडा आणि शेजारच्या पोत्यावर धरलं तरी आकडा. रेघ दाखवत नाही, कच्चा डेटा देत नाही, मग आपण तपासायचं कशावर? फिजी मला आवडतं ते याचसाठी, ते निकाल देत नाही, रेघ देतं आणि विश्वास ठेवायचा की नाही ते आपल्यावर सोडतं.

मोइना आणि तसल्या पारदर्शक जीवांना माझ्याकडून पाचपैकी पाच, गोठ्यात श्वासासाठी चार, गोठ्यात हृदयासाठी एक. खर्च म्हणाल तर आयपीसवर मोबाईल अडकवायचा होल्डर चारपाचशेला मिळतो, बाकी मायक्रोस्कोप लॅबमध्ये असतोच. इन्स्टॉल करावं लागत नाही, झिप उघडली की चालू, त्यामुळं कॉलेजच्या पीसीचा ॲडमिन पासवर्ड मागत बसायला नको. फक्त फोल्डर प्रोग्राम फाईल्समध्ये टाकू नका, अपडेट अडतात, डेस्कटॉपवर ठेवा. कुणाला एफएफएमपेग जोडताना अडलं तर खाली विचारा, स्क्रीनशॉट टाकते.